आपल्या दाराची उंची

३ नोव्हेंबर

धाकट्या,

ठक्!

ओळखलास का आवाज? संध्याकाळी शाळेला कुलूप घालून मी घरी यायचो. किल्ल्यांचा जुडगा कमरेला आणि तोंडात कुठल्यातरी इयत्तेची कविता. शिपाई होतो मी, पण खिडकीबाहेरच्या बाकावर बसून बसून सगळ्या वर्गांच्या कविता मला पाठ झाल्या होत्या. आणि काय योग असेल तो असो, कवितेचं शेवटचं कडवं आणि आपलं दार नेमकं एकाच वेळी यायचं. उंबऱ्यावर पाय, वरच्या पट्टीवर कपाळ. ठक्! आतून आई म्हणायची, "अरे, वाकावं जरा! दार काय आज बसवलंय?" आणि तू मांडीवर थाप मारून, "या, कविराज! आज कितवीची?"

परवा हा आवाज कानात वाजला आणि मी कागद घेऊन बसलो. इतक्या वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहितोय ती कपाळमोक्षापासून सुरुवात करून. हसू येत असेल तर हस. तुझा पत्ता आपल्या शेजारच्या लोहाराने कुठून तरी मिळवून दिला. तोही आता माझ्यासारखाच खोकत असतो, फक्त जास्त मोठ्याने.

झालं काय, आमच्या या वसाहतीत एक चित्रकारीण आली आहे. वयाने तुझ्या मुलीएवढी असेल. म्हणजे मी आपला अंदाज करतो. तुला मुलगी आहे एवढंच कानावर आलंय, पाहिलंय कुठे तिला? तर ही बाई म्हणाली, खाण आणि खाणीमुळे उठलेली माणसं यांच्यावर मला काहीतरी करायचं आहे. "काहीतरी म्हणजे काय?" म्हणून विचारलं तर म्हणाली, "तेच तर शोधायला आले आहे, आजोबा." मला हे उत्तर आवडलं. शाळेत असं उत्तर दिलं असतं तर छडी बसली असती.

आधी ती कोळशाचे खडे घेऊन मोठमोठ्या कागदांवर आमचे चेहरे काढत बसली. लोहाराला समोर बसवलं तर तो म्हणतो, "बाई, जन्मभर भात्यापुढे बसून थोबाड आधीच काळं झालंय. त्यावर आणखी कोळसा कशाला घासता?" ती इतकी हसली की कागदावर लोहाराचं नाक गालापर्यंत गेलं. ते तिने तसंच ठेवलं.

मग एके दिवशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणते, "एक विचारू? इथली सगळी म्हातारी माणसं घरात शिरताना का वाकतात?"

मी म्हटलं, "कोण वाकतं?"

"सगळे. दारं एवढी उंच आहेत, तरी."

मी खुळ्यासारखा दिवसभर ओट्यावर बसून पाहिलं. खरंच रे! इथली दारं लोखंडी, हिरवी, एकासारखी एक. एकाच्या खांद्यावर दुसरा बसून आत जाईल एवढी उंच. आणि आपल्या गावची माणसं त्या दारांतून शिरताना एकूणएक मान खाली घालून शिरतात. लोहार वाकतो, लोहारीण वाकते, पलीकडची तेलीण हातात बादली असली तरी वाकते. कुणाला पत्ताच नाही. लोहाराला सांगितलं तर म्हणाला, "काहीतरीच!" आणि तणतणत घरात गेला, तो वाकूनच.

गाव जाऊन किती वर्षं झाली. तिथली ती बुटकी दारं कधीच मातीत मिसळली. पण माना अजून तिथंच राहतात.

तू वाकतोस का रे अजून? तुमच्या तिकडच्या क्वार्टरचं दार केवढं आहे?

तुझा,
दादा


१९ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं उत्तर आलं नाही. मी पोस्टाला दोष देतो. तुझी वहिनी म्हणते, "पोस्टाचं बिचाऱ्याचं नाव कशाला? स्वतः एवढी वर्षं गप्प बसलात आणि त्याला पंधरवडाही द्यायचा नाही?" हे तिचं नेहमीचं, तुझी बाजू घ्यायचं. तेव्हाही घ्यायची. म्हणायची, "भावोजींना विचारा तरी." मी विचारलं नाही. असो.

चित्रकारीणबाईंना जे शोधायचं होतं ते सापडलं आहे. कागद गुंडाळून ठेवले आणि हातात खडू घेतला. कुणाच्याही दाराशी गुपचूप जाऊन उभी राहते. माणूस आपल्या नादात घरात शिरतो, वाकतो, आणि जिथपर्यंत त्याचा माथा खाली गेला तिथं ही बाजूच्या भिंतीवर झटकन एक रेघ ओढते. आधी सांगून उपयोग नाही. सांगितलं की माणूस मुद्दाम वाकतो आणि सगळं बिघडतं. तेलिणीच्या दाराशी तिने सकाळ घालवली, कारण तेलिणीला संशय आला आणि ती हट्टाने ताठ मानेने ये-जा करत राहिली. शेवटी चुलीवर दूध उतू गेलं तेव्हा धावली आणि वाकली. बाईंनी रेघ मारून घेतली.

आता वसाहतीभर भिंतींवर पांढऱ्या रेघा आहेत. प्रत्येक रेघ म्हणजे गावातल्या त्या त्या घराची वरची पट्टी. बाई म्हणाल्या, "मी तुमचं गाव पाहिलेलं नाही, मग ते काढू कसं? पण त्याची उंची तुमच्या मानेत आहे. तेवढीच मला मिळेल." वसाहतीमागच्या मोकळ्या माळावर त्या गावातल्या घराघराची चौकट उभी करणार आहेत. नुसत्या चौकटी. भिंती नाहीत, छप्पर नाही. गल्लीत जशी घरं होती त्याच क्रमाने, आणि प्रत्येक चौकट बरोबर तेवढीच बुटकी.

मी म्हटलं, "याला कला म्हणतात?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगा बघून झाल्यावर."

मला रात्रंदिवस याचंच कुतूहल लागून राहिलं आहे. नुसत्या दारांचं गाव दिसेल तरी कसं?

पण गंमत पुढेच आहे. सगळ्या घरांवर रेघ आली, आपल्या घरावर नाही. बाई तीन वेळा आमच्या दाराशी ताटकळल्या. तुझी वहिनी वाकत नाही, कारण तिला तिथंही वाकायची गरज पडली नव्हती. एवढीशी तर आहे. कमरेवर घागर घेऊन सरळ आत यायची, आठवतं ना? आणि मी? मी तर तिथंच वाकलो नाही, इथं काय वाकणार! अख्ख्या गावात एकटा मीच असा निघालो की ज्याच्या मानेला स्वतःच्या दाराची उंची ठाऊक नाही.

बाई म्हणाल्या, "कपाळ नेमकं कुठं आपटायचं?" मी कपाळावर बोट ठेवून दाखवलं. मग लक्षात आलं, मान वर करून येत असलो तर कपाळावर लागायचं, खाली घालून असलो तर टाळूवर. म्हणजे सगळं कवितेवर अवलंबून. शिवाय म्हातारपणी मी आक्रसलोय. जुना सदरा गुडघ्यापर्यंत येतो. माप घ्यायचं तर कुणाचं? शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारलं, "आमचं दार केवढं होतं?" तर प्रत्येकाचा हात वेगळ्या उंचीवर. लोहार म्हणतो, "मी तुझ्या घरात शिरलोच कधी? ओट्यावरूनच हाका मारल्या."

आता राहिलास तू. माझ्यापेक्षा वीतभर उंच, आणि तुझं डोकं एकदाही आपटलं नाही. सायकल खांद्यावर घेऊन आत यायचास, तरी नाही. हे तुला कसं जमायचं, मला तेव्हाही कोडं होतं.

घरात शिर एकदा, आणि कुणाला तरी रेघ मारायला सांग. जमिनीपासून रेघेपर्यंत सुतळी धरून तिचा तुकडा पाकिटात घालून पाठवलास तरी चालेल. लिहायचं नसेल तर लिहू नकोस.

दादा


८ डिसेंबर

धाकट्या,

सुतळी आली नाही.

चौकटी उभ्या राहायला लागल्या आहेत. आपल्या गावच्या सुताराचा मुलगा त्या करतो. बापासारखाच रंधा मारताना जीभ बाहेर काढतो. लाकूड साधंच आहे, खाणीच्या आवारात पडलेल्या जुन्या खोक्यांचं. पण त्यावर बाई डिंकाच्या पाण्यात कोळशाची पूड कालवून फासतात. आम्ही सगळे मदतीला. तुझ्या वहिनीचे हात कोपरापर्यंत काळे असतात. मला वाटलं होतं काळं म्हणजे काळं. पण ऊन पडलं की कोळसा आतून चमकतो रे. निळा दिसतो, मधेच मोरपंखी. ज्याच्यासाठी आपल्याला उठवलं तो असा देखणा असेल, हे मी कधी जवळून पाहिलंच नव्हतं. तू तर हयात त्याच्यात काढलीस. तुला ठाऊक असणार.

माळावर आपलीही चौकट आहे. म्हणजे दोन उभे खांब आहेत. वरची पट्टी नाही. गल्लीत लोहाराची चौकट, मग आपले दोन खांब, मग तेलिणीची. दातांच्या ओळीतला एखादा दात पडावा तसं दिसतं. लोहार म्हणतो, "ठोक की अंदाजाने! तपासायला कोण येणार आहे? गाव तर खाणीच्या पाण्यात आहे." बाईही म्हणाल्या, "आजोबा, साधारण धरू या का?" मी नको म्हटलं. वेळ फार नाही, हे मलाही कळतं. हा माळ खाणीच्याच ताब्यात आहे; खोदलेली माती टाकायला त्यांना तो लागणार आहे. जानेवारीत डंपर यायला लागतील. तोपर्यंत चौकटी राहू देतील, एवढीच परवानगी. पण एवढ्या वर्षांनी आपलं दार उभं करायचं आणि तेही खोटं? मग ते कुणाचं तरी दार होईल, आपलं नाही.

परवा बाईंना घेऊन खाणीच्या कडेला गेलो होतो. त्या म्हणाल्या, तुमचं घर कुठं होतं ते दाखवा. मी हात केला तो हवेत. आपल्या घराच्या जागी आता हवा आहे. जमीनच नाही. खाली खूप खोलवर हिरवं पाणी आणि त्यात ढग. बाई कडेला बसून खाली पाहत राहिल्या. मग विचारलं, "घर पडलं तेव्हा तुम्ही इथं होता?"

मी म्हटलं, "सामानाच्या ट्रकवर होतो. तिथून मागे वळून पाहिलं. घर पाडायच्या यंत्रावर माझा धाकटा भाऊ होता."

त्यांनी वळून पाहिलं. मला वाटलं आता पुढचं विचारतील, पण नाही विचारलं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की पुढचं मलाच माहीत नाही. तू खाणीत यंत्र चालवायचास, ते ठीक होतं. घरात त्यावर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण आपल्या गल्लीतली घरं पाडायची पाळी तू मागून घेतलीस असं लोक म्हणत होते. मागून! ट्रक वळला, धूळ उडाली, आणि मी तोंड फिरवलं ते फिरवलंच. तुझी बदली झाली, तू गेलास. मला वाटायचं मी रागावलो आहे. इतकी वर्षं तेच धरून बसलो. आता रागाच्या जागी हात घालून पाहतो तर तिथं फक्त प्रश्न आहे. तो आधी मोठ्या रागाखाली दबलेला असणार.

का मागितलीस रे?

या सगळ्यावर एक कविताही केली. बाईंना म्हटलं, चौकटीवर लिहू या का? त्यांनी नीट वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाल्या, "छान आहे. पण दारं बोलायला लागली तर माणसं वाकायची विसरतील." तुझ्या वहिनीला तेव्हापासून ही बाई फार आवडते.

दादा


२६ डिसेंबर

धाकट्या,

काल माळ सगळ्यांसाठी खुला केला. आसपासची माणसं आली, शाळा आल्या, शहरातून बाईंचे ओळखीचे आले. आणि खाणीचे मोठे साहेबही आले, दोन गाड्या घेऊन.

काय सांगू तुला! मी विचारलं होतं ना, नुसत्या दारांचं गाव दिसेल कसं? दिसत नाहीच. लांबून पाहिलं तर काळ्या काड्या रोवल्यासारखं वाटतं. पण आपली माणसं त्यांतून जायला लागली आणि गाव झालं. तेलीण आपल्या चौकटीतून वाकून आत गेली आणि उजवीकडे वळली, कारण तिची चूल उजवीकडे होती. लोहार आत जाऊन खाली बसला, जिथं भाता असायचा तिथं, आणि उठेचना. कुणी कुणाच्या भिंतीतून गेलं नाही. भिंती नव्हत्याच, तरी सगळे वळसा घालून जात होते. दोन जणींचं तर भांडण लागलं, "माझ्या ओट्यावरून कशाला जाते आहेस, बाई?" मोकळ्या माळावर!

आणि मग साहेब. फोनवर बोलत बोलत ते लोहाराच्या घरात शिरले. म्हणजे शिरायला गेले.

ठक्!

सगळा माळ वळून पाहू लागला. साहेब कपाळ धरून उभे, कपाळावर कोळशाचा काळा पट्टा. आणि लोहार आतून बसल्या जागेवरून म्हणतो, "अहो, वाकावं जरा! दार काय आज बसवलंय?" शब्द न् शब्द आईचा! भिंतीपलीकडून ऐकून ऐकून त्याच्याही तोंडी बसला असणार. मग जे हसू फुटलं ते आवरेना. साहेबही हसले शेवटी. भला माणूस असावा. दुसऱ्या चौकटीतून जाताना चांगले कमरेत वाकले.

धाकट्या, तो आवाज बाहेरून कसा ऐकू येतो ते मला काल पहिल्यांदा कळलं. मी आयुष्यभर तो आतून ऐकला. तू का हसायचास ते आता समजलं. फारच मजेशीर आवाज आहे.

सगळे पांगल्यावर लोहार माझ्याबरोबर आपल्या दोन खांबांशी येऊन उभा राहिला. खोकला. म्हणाला, "एक सांगायचं राहिलंय. तू कधी विचारलं नाहीस, मी बोललो नाही."

गाव सुटलं त्या दिवशी तो मागे राहिला होता, ऐरण उचलायला माणसं मिळेनात म्हणून. तू यंत्र आपल्या दारासमोर आणून उभं केलंस. उतरलास. याने विचारलं, "तू कशाला रे बसलास त्याच्यावर? दुसरा कुणी नव्हता?" तू म्हणालास, "होते की. पण परक्याला काय माहीत, कुठल्या भिंतीला आधी हात लावायचा." मग तू घरात गेलास. घर रिकामं होतं, आम्ही खुंट्यासुद्धा काढून नेल्या होत्या. थोड्या वेळाने बाहेर आलास, यंत्रावर चढलास.

लोहार म्हणाला, "पाडायचं होतं ना घर? घटकाभरात मातीच होणार होती. तरी आत जाताना वाकला. आणि बाहेर येतानाही वाकला. ते मला काही केल्या विसरता येत नाही."

तिथं उभा राहून मी दोन खांबांमधून आरपार पाहत राहिलो. काय बघायला गेला होतास आत? काही राहिलं होतं का आमचं? का नुसतंच जायचं होतं एकदा?

मी रागावून विचारत नाही. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

दादा


९ जानेवारी

धाकट्या,

हे शेवटचं समज. माळाच्या कडेला लाल झेंड्या रोवल्यात. रविवारनंतर डंपर येतील, तेव्हा त्याआधी चौकटी काढायच्या. बाई म्हणतात, त्या दुसरीकडे नेता येतील. आणखी अशी गावं आहेत, तिथल्या माणसांच्या माना वेगळ्या असतील. सुताराचा मुलगा मला म्हणाला, "काका, तुमच्या खांबांचं काय करायचं? पट्टी कापून ठेवली आहे, कुठं ठोकू तेवढं सांगा." मी म्हटलं, शनिवार संध्याकाळपर्यंत थांब.

आज शनिवार. दुपार आहे. तुझी वहिनी म्हणते, नाही येत उत्तर तर नाही, तुम्ही तुमचं लिहीत जा, तेवढाच हात चालता राहतो. मी ओट्याकडचं दार उघडं टाकून लिहायला बसलोय. उन्हाचा लांबट तुकडा घरात आलाय. सहावीत एक कविता होती, उन्हाचीच, तिची चाल आठवते आणि शब्द गेले. आधी उलटं व्हायचं. मला वाटतं आता

कुणीतरी आलंय. थांब.

आलो. घाईत लिहितोय, अक्षर लावून घे.

दारात एक मुलगी उभी होती. खांद्याला पिशवी, अंगावर प्रवासाची धूळ. आमच्याकडे कुणी यायचं नव्हतं. मला वाटलं बाईंच्या शहरातल्या मैत्रिणींपैकी असेल, माळाचा रस्ता चुकली असेल. उंच आहे, चांगली उंच. मी म्हटलं, "कोण पाहिजे, बाळ?" तिने उत्तर द्यायच्या आधी पाऊल आत टाकलं.

आणि वाकली.

त्या एवढ्या मोठ्या लोखंडी दारातून, डोक्यावर हातभर जागा असताना. डावा खांदा किंचित पुढे, मान उजवीकडे, जशी खांद्यावर सायकल असावी. मी नाव विचारलं नाही. तुझी वहिनी स्वयंपाकघरातून आली, तिने पाहिलं आणि तिच्या हातातलं भांडं तिने आधी नीट खाली ठेवलं, मग रडली.

पाणी पिते आहे आता. समोर बसून तिच्यादेखतच हे लिहितोय. म्हणाली, "बाबा तुमची पत्रं रोज काढून वाचतात. उत्तर लिहायला बसतात आणि उठतात. मी म्हटलं, चला ना, जाऊन येऊ. तर म्हणाले, तिथं मी कुणाच्या दारात उभा राहू?"

मी विचारलं, "तुला असं वाकून आत यायला कुणी शिकवलं?"

तिला कळेचना. वळून दाराकडे पाहिलं, वर पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "म्हणजे? घरात सगळे असंच येतात ना?"

तिला काही सांगितलेलं नाही. आता काहीतरी निमित्त काढून पुन्हा एकदा ओट्यावर पाठवायचं आहे. सुताराच्या मुलाला हाक मारली आहे. पत्र इथंच सोडतो. तुझी वहिनी खडू शोधते आहे.